ईआरके संकेताचा कालावधी प्रकाशाने कसा बदलावा: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: पीसी-१२ पेशींना ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर दिला की ईआरके हे एन्झाइम सक्रिय होते आणि मेक-इनहिबिटर (ईआरकेला चालू करणाऱ्या मेक या एन्झाइमला रोखणारे औषध) घातला की ते थांबते. ही जुनी, स्वस्त आणि खात्रीची पद्धत हाताशी असताना प्रकाशावर चालणाऱ्या प्रथिनांच्या भानगडीत पडायचे कशासाठी? आणि पडायचेच ठरवले, तर साधन कोणते घ्यावे व प्रयोग कसा मांडावा?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. एखादा संकेतमार्ग एखाद्या परिणामासाठी लागतो की नाही, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर इनहिबिटर पुरेसा आहे, आणि तेवढ्यासाठी प्रकाशाची साधने उभारणे म्हणजे वेळेचा व पैशाचा अपव्यय आहे. मात्र तोच मार्ग पाच मिनिटे चालला तर काय होते, दोन तास चालला तर काय होते आणि ठरावीक अंतराने चालू-बंद होत राहिला तर काय होते, हे विचारायचे असेल, तर ग्रोथ फॅक्टरच्या साहाय्याने ते नीट विचारताच येत नाही. डिशमध्ये घातलेला ग्रोथ फॅक्टर धुऊन काढला, तरी रिसेप्टरला आधीच चिकटलेला भाग पेशीच्या आत ओढला जातो आणि आतूनही काही काळ संकेत देत राहतो. शिवाय मीडियम (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात तो) बदलण्याच्या हालचालीनेच अनेक पेशींमध्ये ईआरकेची सक्रियता ढवळली जाते. प्रकाशाच्या बाबतीत उद्दीपक मागे उरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्याला पेशीच्या मीडियमला हातही लावावा लागत नाही.

तुमच्या पीसी-१२ पेशींचेच उदाहरण घेऊ, कारण या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि बोधप्रद पेच त्यांच्यातच आहे. रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीतील गाठीपासून मिळवलेल्या या पेशींचे वर्णन १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्यांना ईजीएफ दिला तर ईआरकेची सक्रियता काही मिनिटांत चढते, थोड्याच वेळात उतरते आणि पेशी विभागत राहतात. एनजीएफ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर दिला तर तीच सक्रियता तासन्‌तास टिकते आणि पेशी विभाजन थांबवून चेतापेशींसारखे लांब तंतू काढू लागतात. यावरून, संकेत किती वेळ टिकतो हे पाहून पेशी आपला निर्णय घेते, हा विचार १९९५ च्या सुमारास रूढ झाला आणि पुढे पाठ्यपुस्तकांतही गेला. विचार आकर्षक आहे, परंतु त्यामागचा पुरावा तपासला तर त्यात एक मोठी फट दिसते. ईजीएफ आणि एनजीएफ यांचे रिसेप्टर वेगळे आहेत. एनजीएफचा ट्रकए हा रिसेप्टर ईआरकेबरोबरच पीआय३-कायनेज आणि पीएलसी-गॅमा या एन्झाइमांच्या वेगळ्या संकेतशाखाही चालवतो, आणि त्याही वेगळ्या प्रमाणात व वेगळ्या काळासाठी. म्हणजे आपण केवळ कालावधी बदलत नसून कालावधीबरोबर इतर बरेच काही बदलत असतो, आणि परिणामाचे श्रेय मात्र सगळेच कालावधीला देतो. बाकी सर्व तसेच ठेवून एकट्या ईआरकेचा कालावधी बदलणे हा खरा प्रयोग आहे, आणि तो करण्यासाठीच प्रकाश लागतो.

हे शक्य होते ते या मार्गाच्या एका स्वभावामुळे. रिसेप्टर, मग एसओएस, मग रास, राफ, मेक आणि ईआरके अशी एकमेकांना चालू करणाऱ्या प्रथिनांची ही साखळी आहे. यातील रास पेशीपटलाला आतून खिळलेला असतो, तर एसओएस आणि राफ पेशीद्रव्यात फिरत असतात, आणि त्यांना पटलाजवळ आणून ठेवले की पुढची साखळी आपोआप सुरू होते. म्हणून प्रकाशाने एन्झाइमचा आकार बदलण्याची खटपट करावी लागत नाही. त्याची जागा बदलली तरी काम होते. एखाद्या वनस्पतीतील प्रकाशसंवेदी प्रथिनाची जोडी घ्यायची, तिचा एक भाग पटलाला बांधायचा, दुसरा एसओएस किंवा राफला जोडायचा, आणि योग्य रंगाचा प्रकाश पाडायचा. या क्षेत्रात आजवर जे यश मिळाले त्याचा बराच मोठा भाग या एका युक्तीवर उभा आहे, आणि पीआय३-कायनेज, रॅक, रो या इतर संकेत-प्रथिनांसाठीही थोड्याफार फरकाने तीच वापरली गेली.

२०१३ मध्ये जेरेड टोएचर, ओरियन वायनर आणि वेंडेल लिम यांनी याच पद्धतीने एसओएसचा सक्रिय तुकडा लाल प्रकाशाने पटलावर आणला व अवरक्ताजवळच्या प्रकाशाने परत सोडला, आणि ईआरकेचे उत्तर एकेका पेशीत मोजले. रासपासून ईआरकेपर्यंतचा मार्ग अतिशय विश्वासू आहे असे त्यांना आढळले. काही मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या स्पंदनांपासून तासभर टिकणाऱ्या संकेतांपर्यंत जे वरून द्याल तेच खाली पोहोचते. म्हणजे हा संकेत क्षणिक आहे की टिकाऊ, ही निवड मार्गाच्या या टप्प्यात होत नसून त्याच्या वर, रिसेप्टरजवळ, किंवा त्याच्या खाली, जनुकांच्या पातळीवर होते. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. ईआरके दीर्घकाळ चालू ठेवला तर पेशी काही द्रव्ये बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशींमध्ये स्टॅट३ हे प्रथिन सक्रिय होते. अल्पकाळ चालू ठेवला तर तसे होत नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (पेशी फोडून त्यांतील प्रथिन मोजण्याच्या पद्धतीत) सगळ्या पेशी एकत्र दळल्या गेल्यावर हा शेजाऱ्यांचा संवाद कधीच दिसला नसता.

त्याच वर्षी क्योतोच्या काझुहिरो आओकी व मिचियुकी मात्सुदा यांच्या गटाने दाखवले की, कोणताही बाह्य बदल न करताही पेशींत ईआरकेची स्पंदने आपोआप उठत असतात आणि शेजारच्या पेशींत पसरतात. मग त्यांनी प्रकाशाने राफ चालवून अशी स्पंदने कृत्रिमरीत्या निर्माण केली, तेव्हा स्पंदनांनी विभाजन वाढले, पण सलग चालू ठेवलेल्या ईआरकेने तसे झाले नाही. पुढे २०१८ मध्ये लुकास बुगाज यांच्या कामातून असे दिसले की, कर्करोगात आढळणारे बी-राफचे (राफच्याच एका भावंडाचे) काही उत्परिवर्तित प्रकार असलेल्या पेशींत प्रकाश बंद झाल्यावर ईआरके लवकर उतरत नाही, आणि त्यामुळे त्या पेशी तुटक स्पंदनांनाही सलग संकेत समजून बसतात. काही औषधांनीही असाच परिणाम होतो. इनहिबिटर घालून ‘मार्ग चालू की बंद’ एवढेच पाहणाऱ्याला असा दोष सापडणे कठीण आहे.

आता साधनाची निवड. वनस्पतीतील फायटोक्रोम-बी आणि पीआयएफ ही जोडी ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने जुळते आणि ७५० नॅनोमीटरने सुटते. चालू आणि बंद दोन्ही आपल्या हातात असल्यामुळे वेळेवरचा ताबा सर्वांत उत्तम मिळतो, पण सस्तन प्राण्यांच्या पेशीत तिला लागणारे फायकोसायनोबिलिन हे रंगद्रव्य नसते. ते स्पिरुलिनापासून काढून मीडियममध्ये घालावे लागते आणि अंधारात सांभाळावे लागते. मोहरीच्याच कुळातील अरॅबिडॉप्सिसमधून आलेली क्राय-२ आणि सीआयबी-१ ही जोडी निळ्या प्रकाशाने जुळते, तिला लागणारे फ्लेविन प्रत्येक पेशीत असतेच, आणि अंधार झाल्यावर ती साधारण पाच मिनिटांच्या अर्धआयुष्याने सुटते. ओट या धान्याच्या फोटोट्रॉपिनमधील एलओव्ही-२ भागावर आधारलेली आयलिड ही जोडी त्याहून कितीतरी लवकर, मिनिटाच्या आत, सुटते. पेशीच्या एका कोपऱ्यातच संकेत द्यायचा असेल तर तिची ही घाई उपयोगी पडते, कारण सक्रिय झालेला रेणू फार दूर वाहून जाण्याआधीच निष्क्रिय होतो. २००९ मध्ये क्लाउस हान यांच्या प्रयोगशाळेने एलओव्ही-२ रॅकला जोडून पेशीच्या कडेवर प्रकाशाचा ठिपका पाडला, तेव्हा पेशीने त्याच दिशेला हातपाय पसरले. जागेवरच्या ताब्याचे ते अजूनही दाखवण्यासारखे उदाहरण आहे, पण तुमचा प्रश्न काळाचा आहे, जागेचा नाही.

तुमच्यासाठी मी क्राय-२ ला जोडलेला राफ-१ आणि पटलाला बांधलेला सीआयबीएन (सीआयबी-१ चा आखूड तुकडा) हा संच सुचवतो. त्याचे कारण केवळ सोय नाही. एसओएस पटलावर आणला तर रास चालू होतो आणि रास केवळ राफला नव्हे तर पीआय३-कायनेजलाही हात घालतो; म्हणजे जी सरमिसळ टाळण्यासाठी प्रकाशाकडे वळायचे, तिचाच काही भाग पुन्हा आत येतो. राफपासून सुरुवात केली तर ती शाखा बाजूला राहते. हा संच पीसी-१२ पेशींत २०१४ मध्येच वापरला गेला आहे, आणि एनजीएफशिवाय केवळ निळ्या प्रकाशाने तंतू फुटतात हे त्यातून दिसले आहे. तेव्हा ‘तंतू फुटतात का’ हा तुमचा प्रबंधविषय होऊ शकत नाही. किती अंतराने दिलेली स्पंदने पेशी सलग मानते आणि ती स्मृती कोणत्या जनुकांत किंवा प्रथिनांत साठते, हा होऊ शकतो.

साधन चालवणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे उत्तर वाचणे, आणि नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते. वाचण्यासाठी वापरलेला प्रकाशच साधन चालू करत असेल तर ‘अंधारातली’ पेशी कधीच अंधारात नसते. कॅल्शियम मोजणारा जीकॅम्प हा लोकप्रिय चमकता संवेदक ४८८ नॅनोमीटरने पाहिला जातो, आणि तेवढ्या निळ्या प्रकाशात क्राय-२ पूर्ण चालू होतो. निळसर आणि पिवळ्या फ्लुओरेसंट प्रथिनांच्या फ्रेट जोड्यांची (ज्यांत एक प्रथिन आपली ऊर्जा जवळच्या दुसऱ्याला देते) गतही तीच आहे, कारण निळसर प्रथिनाला उद्दीपित करणारा प्रकाश क्राय-२ च्याही पट्ट्यात येतो. यावर ‘लाल रंगाचा संवेदक घ्या’ असा सल्ला दिला जातो, पण तोही डोळे मिटून घेऊ नये. आर-जेको या लाल कॅल्शियम संवेदकाची चमक निळा प्रकाश पडताच काही काळ आपोआप वाढते, पेशीत कॅल्शियम वाढलेले असो वा नसो, आणि तो आलेख खऱ्या कॅल्शियमच्या उसळीसारखाच दिसतो.

ईआरकेसाठी २०१४ मध्ये मार्कस कोव्हर्ट यांच्या प्रयोगशाळेतून आलेला केटीआर हा संवेदक मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ईआरके शांत असताना तो केंद्रकात असतो आणि ईआरकेने त्याला फॉस्फेट जोडले की पेशीद्रव्यात येतो. त्यामुळे चमक किती यापेक्षा चमक कुठे हे मोजायचे असते, आणि संवेदकाचे प्रमाण पेशीपेशींत कमीजास्त असले तरी फारसे बिघडत नाही. तुमच्या राफवर बहुधा एमचेरी हे लाल प्रथिन आधीच असेल, म्हणून केटीआरला आयआरएफपी हे अवरक्ताजवळचे प्रथिन जोडून घ्या आणि ते ६४० नॅनोमीटरच्या आसपास पाहा. क्राय-२ ला त्या प्रकाशाची जाणीवही होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे फार स्पष्ट दिसते. सुरुवातीला प्रत्येक पेशीचे केंद्रक भरीव उजळ गोळ्यासारखे असते. निळा प्रकाश सुरू केल्यावर काही मिनिटांतच ते विझू लागते आणि भोवतालचे कडे उजळते, आणि प्रकाश बंद केल्यावर हाच प्रवास उलट दिशेने, जरा सावकाश होतो. पीसी-१२ पेशींत अडचण एवढीच की, त्या गोलसर आणि गुच्छात वाढणाऱ्या असल्यामुळे केंद्रकाभोवतीचे कडे अरुंद मिळते. कोलॅजनचा थर चांगला दिला आणि पेशी विरळ पेरल्या तर मोजमाप सुधारते.

प्रकाशाची मात्रा हा स्वतंत्र विषय आहे. निळा प्रकाश पेशीला निरुपद्रवी नसतो. डीएमईएम मीडियममध्ये लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असते, आणि त्याच्यावर निळा प्रकाश पडला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यामुळे पी३८ व जेएनके यांसारखे ताणाचे मार्ग चालू होतात आणि ईआरकेही ढवळला जाऊ शकतो. तंतू फुटायला दिवसभराहून अधिक काळ लागत असल्याने ही मात्रा साठत जाते. म्हणून सलग प्रकाश देऊ नका. क्राय-२ ची जोडी मिनिटांच्या हिशेबात सुटते, त्यामुळे दर मिनिट-दोन मिनिटांनी सेकंदभराची चमक दिली तरी मार्ग पेशीच्या दृष्टीने सलग चालू राहतो आणि एकूण प्रकाश कितीतरी पटींनी घटतो. फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन नसलेले मीडियम मिळाले तर उत्तमच.

यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. शहाण्णव खणांच्या प्लेटखाली बसणाऱ्या एलईडी-फलकाचे आराखडे प्रसिद्ध झालेले आहेत, आणि पुण्यातील बुधवार पेठ किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड येथून सुटे भाग आणून एखादा हौशी विद्यार्थी तसा फलक जोडू शकतो. दुकानात ‘निळा’ म्हणून मिळणारा एलईडी सामान्यतः ४६० ते ४७० नॅनोमीटरचा असतो व तो क्राय-२ ला चालतो; मात्र फायटोक्रोमसाठी पट्टीतला नेहमीचा लाल एलईडी उपयोगाचा नाही, कारण त्याचा प्रकाश बहुतेक वेळा ६५० च्या बराच अलीकडे असतो. इनक्युबेटरच्या दमट हवेत उघडे सर्किट लवकर गंजते, आणि बंद जागेत एलईडी तापतात. पेशींचे तापमान अंशभर चढले तरी परिणाम बदलू शकतो, म्हणून खणातल्या पाण्यात थर्मोकपल बुडवून पाहणे भाग आहे. प्रकाशाची तीव्रता विद्युतप्रवाहावरून गृहीत धरू नका. पॉवर मीटरवर तरंगलांबी बरोबर निवडा, त्याचा संवेदक पेशी असतात त्याच उंचीवर ठेवा, मधल्या आणि कडेच्या खणांवर वेगवेगळे वाचन घ्या, आणि मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर या एककात लिहून ठेवा. ‘सूक्ष्मदर्शकाच्या पाच टक्के तीव्रतेने’ असे लिहिलेला प्रयोग दुसऱ्या कुणालाही पुन्हा करता येत नाही. बाजूचा खण अंधारात हवा असेल तर काळ्या भिंतींची प्लेट घ्या.

अंधार पाळणे हे बोलायला सोपे आहे. फोकस लावण्यासाठी सुरू केलेला पांढरा दिवा, इनक्युबेटरच्या आतील दिवा, आणि खिशातून काढलेल्या मोबाइलचा पडदासुद्धा क्राय-२ ला जागे करायला पुरतो. खोलीत लाल दिवा वापरा, सूक्ष्मदर्शकाच्या पांढऱ्या दिव्यापुढे लाल फिल्टर लावा, आणि प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून न्या-आणा. वेस्टर्न ब्लॉटसाठी पेशी फोडतानाही लाल दिव्यातच फोडा. नाहीतर अंधारातल्या नमुन्यातही फॉस्फेट जोडलेला ईआरके दिसेल आणि तुम्ही प्लाझ्मिडला दोष देत बसाल.

नियंत्रण प्रयोगांबाबत मी कडक आहे. साधन नसलेल्या पेशींवर तोच प्रकाश हवा आणि साधन असलेल्या पेशी पूर्ण अंधारात हव्या, हे तर झालेच. तिसरे नियंत्रण म्हणून पुष्कळ जण सीआयबीएन काढून टाकतात व केवळ क्राय-२ जोडलेला राफ ठेवतात, आणि त्यातही ईआरके थोडा चढलेला पाहून गोंधळतात. त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. निळ्या प्रकाशात क्राय-२ चे रेणू आपसांतही गोळा होतात, आणि राफ तर दोन रेणू जवळ आल्यावरच चालू होणारे एन्झाइम आहे. म्हणजे पटलाशिवायही त्याला चालू होण्याची वाट मिळते. म्हणून इथे डी३८७ए हे उत्परिवर्तन असलेला, प्रकाश न जाणणारा क्राय-२ वापरणे अधिक चोख आहे. चौथे नियंत्रण म्हणजे प्रकाश आणि मेक-इनहिबिटर एकत्र: तंतू खरोखर ईआरकेमुळे फुटत असतील तर ते थांबले पाहिजेत. ज्या जुन्या पद्धतीपासून तुमचा प्रश्न सुरू झाला, तिची जागा इथे आहे.

साधनाचे प्रमाण हाही नाजूक मुद्दा आहे. तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनने (पेशींत जनुक थोड्या काळापुरते घालण्याने) काही पेशींत राफ इतका भरतो की त्या अंधारातच तंतू काढतात, तर काहींत इतका कमी असतो की कितीही प्रकाश पाडा, काही होत नाही. जनुक पेशीत कायमचे बसवणाऱ्या लेंटीव्हायरसने स्थिर पेशीवंश तयार करा, सॉर्टरवर कमी ते मध्यम चमकीच्या पेशी वेगळ्या करा, आणि एकाच क्लोनवर (एकाच पेशीपासून वाढवलेल्या वंशावर) विसंबू नका. भारतात अशा कामासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, आणि त्याचा अर्ज प्लाझ्मिड मागवण्याआधी केलेला बरा.

विश्लेषण करताना एकाच डिशमधील दोनशे पेशी म्हणजे दोनशे स्वतंत्र निरीक्षणे असे समजू नका. त्या सगळ्यांवर एकच प्रकाश, एकच मीडियम आणि एकच सकाळ गेलेली असते. स्वतंत्र दिवशी पेरलेली डिश हे तुमचे एकक आहे. आणि निष्कर्ष लिहिताना हे ध्यानात असू द्या की, राफपासून मार्ग चालवल्यावर त्याच्या वर असलेले सर्व काही वगळले जाते. सक्रिय ईआरके मागे वळून एसओएस आणि राफ यांनाच फॉस्फेट जोडतो व मार्ग आवरतो. त्यातील एसओएसपर्यंतचा आवर तुमच्या पेशींत कार्यशून्य असतो. त्यामुळे ‘पेशी नैसर्गिक स्थितीत असे करते’ हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. ‘ईआरकेची ही लय एकटी एवढे करू शकते’ हे होते.

प्रत्यक्ष सुरुवात करताना तंतूंच्या मागे लगेच लागू नका. आधी केटीआर पाहून प्रकाशाची तीव्रता आणि ईआरके यांचा आलेख काढा, मग बंद केल्यावर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि स्पंदनांमधील अंतरे त्या वेळेवरून ठरवा. प्रत्येक वेळी एक डिश एनजीएफची ठेवा, आणि प्रकाशाची मात्रा अशी जुळवा की दोन्हीकडे ईआरकेची उंची व टिकण्याचा काळ शक्य तितका सारखा येईल. एवढे करूनही प्रकाशाने फुटलेले तंतू एनजीएफच्या तंतूंपेक्षा आखूड राहिले, तर तो फरक इतर शाखांचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. मग पीआय३-कायनेजला पटलावर आणणारे क्राय-२ चे साधन, जे २०१२ पासून उपलब्ध आहे, वेगळ्या पेशीवंशात घालून तोच प्रश्न त्या शाखेला विचारता येईल. एकाच पेशीत दोन्ही घालू नका, कारण दोन्ही एकाच निळ्या प्रकाशाने एकदम चालू होतील.